रोटाच्या यादीत नंदाचं नाव नव्हतं

"रक्तवाहिन्या एकदम साफ आहेत," सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं आणि दाजींनी तिथल्या तिथे हात जोडले. दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, नंदाचे यजमान. मी तर घरी कळवायला फोनही काढला होता. डॉक्टरांनी मला हातानेच थांबवलं.

"साफ आहेत म्हणजे आजार नाही असं नव्हे. आजार स्नायूचा आहे. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. हृदयाचा स्नायू आतून जाड होत जातो. हा बहुतेक वेळा घराण्यात चालत येतो. तुमच्या घरात आणखी कुणाला आहे?"

उत्तर मी द्यायचं होतं. मी हातातला फोन खिशात घातला. नंदाच खाटेवरून बोलली, "मोठा भाऊले शे. दोन वरीस व्हयनात."

डॉक्टर मूळचे आमच्याच बाजूचे, त्यांना अहिराणी कळत होती. त्यांनी विचारलं, "मग तेव्हा तुमची तपासणी झाली नाही का?"

"यादीमा मन्हं नाव नव्हतं," नंदा म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. दुकानात साखर संपलीय असं सांगावं तसं तिने सांगितलं.

ती यादी मी केली होती.

हे लिहितोय ते एवढ्यासाठीच. ज्यांच्या घरात हा आजार निघेल त्यांनी यादी करताना माझ्यासारखी अक्कल पाजळू नये.

माझी शहाद्याला एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत रक्त-लघवी तपासणीची छोटी लॅब आहे. बावीस वर्षं लोकांची बोटं आणि शिरा टोचतोय. गाव कोरीट, घर शेतकऱ्याचं. थोरले भाऊ, अण्णा, शेती पाहतात. नंदा सगळ्यांत धाकटी, तिला धानोऱ्याला दिली.

दोन वर्षांपूर्वी अण्णा केळीच्या बागेत चक्कर येऊन पडले. उन्हाचा तडाखा म्हणावा तर दिवस थंडीचे. नंदुरबारला इको झाली. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, दुखत-खुपत काही नाही. तिच्यात स्नायू जाड झालेला दिसला. तेव्हाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हा आईबापाकडून येतो. रक्ताच्या सगळ्या नातेवाइकांची यादी करा आणि प्रत्येकाची इको करून घ्या. अचानक धोका होण्याआधी कळलेलं बरं."

रक्ताचे सगळे. शब्द अगदी स्पष्ट होते. मी लॅबवाला, घरातला शिकलेला, म्हणून यादीचं काम माझ्याकडे आलं.

आमच्याकडे श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते. आदल्या दिवशी रोटाचे गहू काढतात. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. गहू दळून त्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, होतात आणि ते भाऊबंदांनीच खायचे. लग्न होऊन गेलेल्या लेकीला रोट चालत नाही, ती परघरची झाली. या मुठींसाठी नावांची एक यादी आमच्या घरात पिढ्यानपिढ्या पाठ आहे. आज्यापासून कालच्या बारशापर्यंत एक नाव सुटत नाही. मला ती लहानपणापासून तोंडपाठ. म्हटलं, रक्ताच्या नात्याची याहून पक्की यादी कुठे मिळणार? हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी ती कागदावर उतरवली. वर घरातल्या लग्नाच्या राहिलेल्या मुलींची नावंही घातली आणि आपण किती सुधारलेले म्हणून स्वतःवर खूश झालो.

नंदा त्या वेळी शेजारीच होती. अण्णांना बघायला आली होती, मोसंबी सोलत होती. कागदात डोकावून तिने विचारलं, "मन्हं नाव कोठे शे रे भाऊ?"

मी हसत म्हणालो, "तू ते आते धानोरानी!"

तीही हसली. मोसंबीची फोड माझ्या हातावर ठेवली. हे मी विसरलो असतो तर बरं झालं असतं, पण विसरत नाही.

यादीतल्या सगळ्यांच्या इको झाल्या. मी स्वतः गाड्या करून नेलं. कुणी कुरकुर केली तर दम दिला. माझी इको चांगली आली. अण्णांच्या मुलात आजाराची सुरुवात सापडली, त्याला गोळ्या लागल्या, बॅडमिंटन बंद झालं. गावात माझं नाव झालं. एका सत्कारात नारळ आणि शालही मिळाली. ती शाल अजून कपाटात आहे, अंगावर घ्यायची हिंमत होत नाही.

नंदाचं दुखणं कधी सुरू झालं ते तिलाही नेमकं सांगता येत नाही. गच्चीवर मिरच्या वाळत घालायला चढलं की दम लागायचा. जेवून लगेच कामाला लागलं की छातीवर दडपण यायचं. धानोऱ्यात कुणी म्हणालं ॲसिडिटी, कुणी म्हणालं रक्त कमी, कुणी म्हणालं या वयात बायकांना होतंच. दिवाळीत भाऊबीजेला आली तेव्हा मी तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं. मला तेवढंच पुरे झालं. लोहाच्या गोळ्या दिल्या, गूळ-शेंगदाणे खा म्हटलं.

मार्गशीर्षात ती कापसाचा हिशोब मिटवायला दाजींबरोबर शहाद्याला आली आणि दुपारी लॅबवर आली. बसली ती बसलीच. म्हणाली, "भाऊ, छातीवर कोनी पाय ठेयेल शे असं वाटस. पायऱ्या चढनू ना, तवयपाशी."

मी तिचं रक्त घेतलं आणि ट्रोपोनिनचं कार्ड लावलं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन. स्नायूला रक्त कमी पडलं, तो उपाशी राहून दुखावला, की हे प्रथिन झिरपून रक्तात येतं. माझ्याकडचं कार्ड बोटभर लांबीचं. थेंब टाकायचा, पंधरा मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर ठीक, दोन आल्या तर हृदयावर घाव आहे असं समजायचं.

दुसरी रेघ आली. इतकी फिकट, की कार्ड खिडकीकडे धरून पाहावं लागलं.

मी काय केलं? लाइट जाऊन आदल्या दिवशी फ्रीज बंद पडला होता, तेव्हा कार्डंच बिघडली असतील असं स्वतःला सांगितलं. दुसरं कार्ड लावलं. तशीच फिकट रेघ. दोन्ही कार्डं लॅबच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली, हात धुतले आणि बाहेर येऊन म्हणालो, "काही नाही गं, पित्त आहे." तिला थंड दूध पाजलं आणि संध्याकाळच्या गाडीने पाठवून दिलं.

तीच रेघ अण्णांच्या मुलाच्या कार्डावर उमटली असती तर मी त्याच पायाने सुरत गाठलं असतं. त्याचं नाव यादीत होतं. नंदाचं नव्हतं, म्हणून मला रेघ दिसूनही दिसली नाही. ही गोष्ट मला फार उशिरा उमगली आणि उमगल्यापासून माझी झोप उडाली आहे.

फाल्गुनात ती अंगणात कोसळली. मुलगी योगिता घरात होती, तिने आरडाओरडा करून माणसं गोळा केली. नंदुरबारला कार्डिओग्राम बिघडलेला निघाला, ट्रोपोनिन चांगलंच वाढलेलं. हार्ट अटॅक म्हणून सुरतेला हलवलं. नवापूरच्या घाटात ती शुद्धीवर होती, माझा हात धरून होती, आणि मी मनातल्या मनात त्या दोन कार्डांना पिवळ्या पिशवीतून परत काढत होतो.

अँजिओग्राफी झाली. मनगटातून तार घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र घेतात ती. चित्र साफ. कुठे ब्लॉक नाही. इथे आमच्यासारखी माणसं फसतात, म्हणून नीट सांगतो. ब्लॉक नाही म्हटलं की आपण पेढे आणायला धावतो. पण नंदाचं ट्रोपोनिन दुसऱ्या दिवशीही तेवढंच, तिसऱ्या दिवशीही तेवढंच. अटॅकमध्ये ते झपकन चढतं आणि मग उतरत जातं. हिचं चढून तिथेच रेंगाळलेलं. ते पाहूनच डॉक्टरांनी इको बारकाईने केली आणि मग सुरुवातीला लिहिलं आहे ते बोलले.

मी विचारलं, रक्तवाहिन्या मोकळ्या तर रक्त कमी पडतं कसं?

ते म्हणाले, "केळीला ठिबक आहे ना तुमच्याकडे? मेन लाइन भरून वाहते, पण शेवटच्या बारीक नळ्या दबल्या तर झाड सुकेल की नाही? जाड झालेला स्नायू आपल्याच बारीक वाहिन्या दाबून धरतो. शिवाय जाड स्नायूला रक्त लागतंही जास्त. अँजिओग्राफीत मेन लाइन दिसते, ठिबक दिसत नाही. रक्तातलं ट्रोपोनिन मात्र सांगतं की टोकाला पाणी पोचत नाहीये."

आणखी एक तपासणी होती, प्रो-बीएनपी. हृदयावर ताण आला की ते वाढतं. तेही वाढलेलं होतं. मग एमआरआय झाला. ते मशीन म्हणजे एक बोगदा, आत ठोकल्यासारखे आवाज. नंदा पाऊण तास डोळे मिटून आत राहिली. त्यात स्नायूवर व्रण दिसले. उपाशी राहून राहून जो भाग मेला त्याच्या जागी खुणा उरतात, त्या.

मी डॉक्टरांना एकट्याला गाठलं. विचारलं, "दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर हे व्रण नसते ना?"

ते खरं बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "नसतेच असं मी सांगू शकत नाही. काही आधीचेही असतील. पण गोळ्या लवकर सुरू झाल्या असत्या, जड कामं थांबली असती, आपण नजर ठेवून राहिलो असतो."

त्यांनी हो म्हटलं असतं तर मी रडून मोकळा झालो असतो. नाही म्हटलं असतं तर सुटलो असतो. त्यांनी दोन्ही केलं नाही.

व्रण असलेल्या हृदयाचा ठोका कधीही बिथरू शकतो. तो बिथरला तर आतूनच झटका देऊन ताळ्यावर आणणारं यंत्र कातडीखाली बसवायचं ठरलं. त्याला आयसीडी म्हणतात. ते बसवायच्या आदल्या दुपारी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. मी तिला मार्गशीर्षातल्या कार्डांबद्दल सगळं सांगितलं. दूध पाजल्याचंही.

खिडकीतून खाली रिक्षावाले भांडत होते, ते ती बघत राहिली. मग म्हणाली, "लाइन फिकी व्हती, म्हनीसन टाकी दिन्ही?"

"हो."

"मी तवय खरं सांगी ऱ्हायनू का, हाई बी तुले कार्डले इचारनं पडनं?"

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. पाणी दे, पडदा ओढ, दाजी जेवले का. ती रागावली होती आणि तिला रागावायचा पुरेपूर हक्क होता. नातेवाईक मला समजावत, तू मुद्दाम केलं नाहीस. मुद्दाम नाही केलं हे मलाही माहीत आहे. पण मुद्दाम न करता चुकलेलंच माणसाला जास्त खातं.

डॉक्टर घराण्याची माहिती लिहून घ्यायला बसले तेव्हा आणखी एक फजिती झाली. त्यांनी विचारलं, घरात कुणी कमी वयात अचानक गेलंय का? मी ठामपणे नाही म्हटलं. नंदा उशीवरून म्हणाली, "वच्छाआत्या."

वच्छाआत्या म्हणजे वडिलांची बहीण. तरुणपणी खळ्यावर दाणे उफणता उफणता बसली ती उठलीच नाही. सासरी गेली म्हणून आमच्या घरात तिचं मरण कुणी मोजलंच नाही. मला नावही आठवलं नव्हतं. नंदाला तिच्या दोन्ही मुलींची नावं, गावं, कोणाला किती लेकरं, सगळं ठाऊक होतं. डॉक्टरांनी तिच्याकडून कागदभर माहिती घेतली. मी शेजारी बसून पेनचं टोपण उघड-मीट करत राहिलो.

यंत्र बसलं. डाव्या खांद्याखाली पेढ्याएवढा उंचवटा दिसतो. नंदा घरी आली. आता कापूस वेचणं बंद, हंडा उचलणं बंद, भर उन्हात चालणं बंद. बाईच्या हातचं काम काढून घेतलं की ती अर्धी होते, हे मी धानोऱ्याला जाऊन पाहतो. ओट्यावर बसून ती दुसऱ्यांना सूचना देते आणि मध्येच गप्प होते. दर काही महिन्यांनी तिचं ट्रोपोनिन आणि प्रो-बीएनपी सुरतेला तपासून घेतो. कार्डावर नाही, मशीनवर. आकडा थोडा खाली आला आहे, पण नेहमीच्या मर्यादेच्या वरच असतो. डॉक्टर म्हणतात, या आजारात तो असा रेंगाळतो, आपण त्याची चाल पाहायची. मी चाल पाहत बसतो.

यंदा श्रावणात कानबाईच्या आदल्या दिवशी मी कोरीटला गेलो. नंदाही योगिताला घेऊन आली होती. पडवीत मोठीमाय, म्हणजे आमची थोरली काकू, सुपात गहू घेऊन बसली होती. एकेक नाव घेत मूठ टाकत होती. सगळी नावं झाल्यावर मी म्हणालो, "मोठीमाय, एक मूठ नंदाच्या नावाने टाक."

तिने वर पाहिलं. "पोरीस्ना नावना गहू कोठे ऱ्हातस? याड लागनं का तुले?"

मी हट्टाला पेटलो. माझा आवाज चढला. दोन वर्षांचं सगळं त्या सुपावर काढायला निघालो होतो. अण्णा उठून उभे राहिले, मोठीमायच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात नंदा ओट्यावरून आली आणि माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

"मोठीमायवर काय वरडस? मोठीमायनी यादी नही करी. माले गहू नही जोयजे भाऊ. तुन्ही पिशवी गाडीमा शे ना? आन ती. हाई मन्ही पोर उभी शे."

योगिताने बाही वर सारलेलीच होती. नंदाच्या आजारपणाच्या धावपळीत तिची तपासणी राहूनच गेली होती. माय-लेकींनी घरूनच ठरवून आणलं होतं हे.

कानबाईच्या चौरंगाशेजारी खुर्ची ठेवून मी तिचं रक्त घेतलं. रक्ताने आजार आहे की नाही ते पक्कं कळत नाही, त्याला इकोच लागते. ती दुसऱ्या आठवड्यात केली. योगिताचा स्नायू थोडा जाड आहे. तिला आजार आला आहे. ट्रोपोनिन अजून मर्यादेत आहे आणि एमआरआयमध्ये व्रण एकही नाही. डॉक्टर म्हणाले, "हिला वेळेत आणलंत." मी पायऱ्यांवर बसून रडलो. एकाच वाक्यासाठी आनंद आणि शरम दोन्ही एकदम वाटू शकतात हे मला माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी नंदाला घेऊन मी नव्याने कागद मांडला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. वच्छाआत्याच्या मुली, त्यांची लेकरं, चुलत बहिणी, त्यांच्या मुली. कुणी प्रकाशाला, कुणी सोनगडला, एक पार वापीला. रोटाच्या यादीपेक्षा ही यादी लांब निघाली. आता एकेकीला फोन चालू आहेत. दोघींनी आमच्याकडे असलं काही नाही म्हणून फोन ठेवला, मुलींची लग्नं व्हायची आहेत, त्याची भीती. त्यांना मी परत फोन करणार आहे, शिव्या खाव्या लागल्या तरी. ज्या डॉक्टरांनी रेंगाळणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवला आणि ज्या पोरीने अंगणात आरडाओरडा केला, त्यांचे उपकार फेडायचा मला दुसरा मार्ग दिसत नाही.

तुमच्या घरात हा आजार निघाला तर एवढंच करा. यादी पुरुषांना पाठ असलेली घेऊ नका. घरातल्या बाईला विचारा, लेकी कुठे कुठे दिल्या आहेत.

त्या संध्याकाळी यादी लिहून झाल्यावर नंदाने कागद ओढून घेतला. चष्मा नव्हता, म्हणून दूर धरून पाहू लागली.

"मन्हं नाव कितवं शे?"

"पहिलं," मी म्हणालो.

तिने बोट ठेवून ते वाचलं. मग कागद माझ्या मांडीवर ठेवला.

"पहिलं शे भाऊ," ती म्हणाली, "पन दोन वरीस उशिरा."